समोरासमोरच्या दोन पाट्या

मित्रांनो, मी चष्म्याच्या काचा घासणारे एक जुने यंत्र आहे. सारी हयात मी चष्मेवाल्या काकांच्या दुकानात, खिडकीशी काढली. पट्टा फिरला की माझे चाक गरगरे आणि जाड काच हळूहळू नितळ होई. "याच्या हाताला गुण आहे," असे काका कौतुकाने म्हणत.

मग आमच्या रस्त्यावर दोन मोठी दुकाने आली, अगदी समोरासमोर. एकाची पाटी लाल, दुसऱ्याची निळी. दोघांचे हाडवैर! लालने सकाळी चष्मे स्वस्त केले की संध्याकाळपर्यंत निळ्याने आणखी स्वस्त केलेच. आमची गिऱ्हाइके पांगली. माझ्यावर धूळ साचली. पुढे काचेच्या कारखान्याचे पत्र आले, की छोट्या स्वतंत्र दुकानांना आता कच्ची काच मिळणार नाही.

एके दिवशी निळ्या दुकानाचे साहेब गोड बोलत आले.

"काका, आमच्यात या. दुकान आमचं, खुर्ची तुमचीच."

"येतो. पण त्या लालवाल्यांची जिरवायची, एवढीच अट!"

साहेब नुसते हसले. काकांनी पेन उघडले. तेवढ्यात करार वाचणाऱ्या त्यांच्या लेकीने एका ओळीवर बोट ठेवले.

"बाबा, हे मालकाचं नाव बघा. लाल दुकानाच्या पावतीवर हेच असतं."

"चुकून छापलं असेल गं."

"आणि कारखान्याच्या पत्रावरही हेच आहे!"

काकांनी पेन मिटले. "म्हणजे... इतके दिवस भांडत कोण होतं?"

"गिऱ्हाइकाला निवडायला दोन दुकानं लागतात, काका," साहेब शांतपणे म्हणाले.

मी लोखंडाचे, तरी माझ्या अंगावर काटा आला.

काकांनी सही केली नाही. त्याच दुपारी शिवणकाम करणाऱ्या मावशी रडवेल्या होऊन आल्या. त्यांचा नंबर फार मोठा. दोन्ही दुकानांत एकच उत्तर मिळाले होते, "हा नंबर आम्ही बनवत नाही." काकांनी कपाटातल्या शेवटच्या दोन जाड काचा काढल्या. लेकीने पाण्याची धार धरली. किती काळाने मी घरघरू लागले! चष्मा लावून मावशींनी पहिल्याच खेपेला सुई ओवली, आणि तिथेच त्यांना हुंदका फुटला.

आता कपाट रिकामे आहे. लेक काच शोधत फिरते आहे. दूरच्या एका छोट्या काचभट्टीने "बघतो" म्हटले आहे, तेवढ्या आशेवर आम्ही आहोत.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत माझ्यासारखे एखादे यंत्र अजून फिरत असेल, तर ते गंजण्याआधी त्याच्या दारात जा. आम्हाला काम हवे असते. आणि तुम्हाला उद्या कोणता नंबर लागेल, हे कोणाला ठाऊक?