घर सांभाळणाऱ्याचा वाटा

योगिनीला आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या औषध कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा इंद्रनील पुण्यातली नोकरी सोडून तिच्यासोबत आला. सहा वर्षांच्या तन्वीची शाळा, डबा, स्वयंपाक, सगळं त्याच्याकडे आलं. मुलासाठी घरी राहणाऱ्या जोडीदारापोटी करात सवलत मिळते, असं योगिनीने त्याला सांगून पाहिलं. "मी तात्पुरता घरी आहे," म्हणून त्याने विषय झटकला.

२०१८च्या फेब्रुवारीत शेजारचे विनय-माधवी जेवायला आले आणि गप्पा करावर घसरल्या. त्या दोघांची मिळून कमाई योगिनीच्या एकटीच्या पगाराएवढी, पण कर कमी.

"सरकार मुलांमागे देतं ते चाइल्ड बेनिफिट गरीब-श्रीमंत सगळ्या मुलांना सारखं," योगिनी म्हणाली. "मग आमच्यातलं एक जण घरी आहे म्हणून आम्हीच जास्त कर का भरायचा?"

"तुमच्या घरात दिवसभर माणूस आहे ना," माधवी म्हणाली. "आमचा वाचलेला कर मुलाच्या पाळणाघराच्या फीलाही पुरत नाही."

"इंद्रनीलची मात्र मजा आहे," विनय हसला.

इंद्रनील भाजी आणायला उठला. ते बोलणं त्याला लागलं होतं.

मार्च उजाडला तो बर्फाचं वादळ घेऊनच. शाळा बंद, पाळणाघर बंद, विनय कामासाठी डब्लिनला गेलेला तिथेच अडकला. माधवी नर्स, तिला इस्पितळात जाणं भाग होतं. सकाळी ती दारात उभी राहिली, कडेवर तीन वर्षांचा गंधार.

"कुठल्या तोंडाने विचारू…"

"अगं, दे त्याला इकडे," इंद्रनील म्हणाला.

गंधारने आईचा कोट घट्ट धरला होता. त्याची बोटं सोडवताना माधवीचे डोळे भरून आले. ती मागे न बघता, नर्सना न्यायला आलेल्या लष्कराच्या जीपकडे गेली. माधवी हे रोज करते, इंद्रनीलच्या मनात आलं.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा वरणभात खाऊन गंधार इंद्रनीलच्या खांद्यावर झोपला होता.

"तू दिवसभर काय करतोस ते आज कळलं," ती हळूच म्हणाली.

"आणि तुझा पगार तुला केवढ्याला पडतो, ते मला."

"मग जास्त कर कोणी भरायचा?"

"ते काही मला सांगता येणार नाही," तो हसला. "पण त्या दिवशी जेवताना आपण सगळेच फक्त आपापल्या ताटात बघत होतो."

त्या शनिवारी योगिनीशेजारी बसून त्याने सवलतीचा अर्ज स्वतः भरला. आपण घरी मुलगी सांभाळतो हे लिहिताना त्याला जराही संकोच वाटला नाही. डब्लिनहून परतलेला विनय म्हणाला, "मजा म्हणालो होतो. चुकलंच माझं." इंद्रनीलने त्याच्या हातात चहाचा कप दिला.

पुढे माधवीची सकाळची पाळी असली की गंधार इंद्रनीलकडेच येऊ लागला. एप्रिलमध्ये एकदा पोहे वाढताना तन्वी कॉर्कच्या मुलांसारख्या सुरात ओरडली, "दॅट्स नॉट फेअर, बाबा! ही गॉट मोअर!"

"तू दूध-केळं खाऊन बसलीस. तो झोपेतून उठून आलाय, उपाशी."

तन्वीने गंधारकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी खात होता. थोडा विचार करून तिने आपल्या ताटातले दोन शेंगदाणे त्याच्या ताटात टाकले, आणि बाकीचे पटकन खाऊन टाकले.