ॲम्ब्रोजमामाचा जवळचा डोळा

ॲम्ब्रोजमामाची कॉन्टॅक्ट लेन्स मरोळच्या विहिरीत पडली आणि सापडली नाही. हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. असं काही घडलेलं नाही. लेन्स डोळ्यात आहे, मामा बँडमध्ये आहे, सगळं झकास आहे.

मामा हर्बर्ट मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आमच्या गावठाणात लग्नाला आणि मयताला बँड एकच, फक्त सुरांचे कागद वेगळे. पंचेचाळिशी उलटली तसं मामाला जवळचं धूसर दिसायला लागलं. पेपर हात लांब करून वाचता येतो, पण क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात. शेवटी शेजारच्या, बेटी नावाच्या पोरीच्या लग्नात, नवरी चर्चच्या पायऱ्या उतरत असताना, मामाने मयताचा कागद लावला आणि जीव ओतून वाजवला. मागून अख्खा बँड. नवरीच्या आजीने सवयीने छातीवर क्रूस काढला.

"पुन्हा असं झालं ना, ॲम्ब्रोज," मास्तर म्हणाले, "तर क्लॅरिनेट रोझारिओकडे."

रोझारिओ म्हणजे मास्तरांचा जावई. नजर घारीची, फुंक कोंबडीची.

मामाची झोप उडाली. "चष्मा लावला की मास्तरला कळेल, मी म्हातारा झालो."

"अख्ख्या गावाला कळलंय रे," नॅन्सीमामी म्हणाली. "नवरीला पुरायला निघाला होतास."

मग मी त्याला अंधेरीला सीताराम चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "एक लेन्स असते, वरून लांबचं, खालून जवळचं. वाजवताना मान वर करता?"

"उंच सुरांना करतो."

"मग नको. एकाच डोळ्यात लेन्स घालू. एक डोळा कागदाला, एक मास्तरांना. वाटणी मेंदू आपोआप करतो."

"आणि नाही केली तर?"

"माणसं पडतात थोडी. मग शिकतात."

भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून बघायला लावून त्याने उजवा डोळा लांबचा ठरवला. लेन्स डाव्यात गेली. मामा घरी जिना उतरताना प्रत्येक पायरीला आधी पायाने विचारून घ्यायचा.

आमच्या गल्लीतल्या मोनिकाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला निघालो. पुढे डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, मागे वाजवत चालणारा बँड. मामाला कागद दिसत होता, मास्तरांची काठी दिसत होती. घाम मात्र थांबत नव्हता. विहिरीपाशी वारा आला, धूळ उडाली, मामाने डोळे मिचकावले.

"कोणी हलू नका!" मामा ओरडला. "लेन्स पडली!"

घागरी डोक्यावर थांबल्या. ट्रॉम्बोन बाहेर ओढलेला तसाच राहिला. मास्तर स्वतः गुडघ्यावर बसले, चाचपत काहीतरी उचललं आणि हात लांब केला. आणखी लांब केला.

"हीच ना?"

मामाला लांबून नीट दिसलं. रावसाचं खवलं होतं. पण मामा खवल्याकडे नाही, त्या लांब हाताकडे बघत होता. हा हात त्याच्या ओळखीचा होता.

"मास्तर, तुम्हीपण?"

"हळू बोल. जावई ऐकेल."

"मग कागद कसा वाचता?"

"वाचतो कुठे? तू वाजवतोस तशी काठी हलवतो."

"म्हणजे बेटीच्या लग्नात..."

"मयतच चालवत होतो मीपण. मला वाटलं, कोण गेलं बिचारं."

एवढ्यात रोझारिओ म्हणाला, "लेन्स विहिरीत गेली. मी बघितली ना पडताना." आणि खिशातून रुमाल काढून तो मामाच्या क्लॅरिनेटकडे बघू लागला. सकाळी चर्चमध्ये लग्न होतं. मामा आणि मास्तर एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या अंतरावरून दोघांनाही एकमेकांची तोंडं अगदी स्वच्छ दिसत होती. त्याच रात्री दोघांनी मिळून अर्ज लिहिला:

सबब, मा. वॉर्ड ऑफिसर साहेबांस आम्हा खालील सही करणारांची नम्र विनंती की, सदर विहिरीचे सर्व पाणी उपसून लुगड्यातून गाळण्यात यावे. पाणी प्याल्यावर ज्यांना जवळचे अचानक स्पष्ट दिसू लागेल अशा इसमांना ताब्यात घेण्यात यावे. आणि लेन्स मिळेपर्यंत गावठाणाच्या हद्दीतील सर्व लग्ने व मृत्यू तहकूब ठेवण्यात यावेत. सह्या ओळीवर नसल्यास चालवून घ्यावे.