निळा रंग टिकला तर

उकळत्या पाण्यातली काचनळी भांड्याच्या कडेला किणकिणली आणि स्वयंपाकघरातली पहाटेची शांतता मोडली. हेमावतीनं ती चिमट्यानं उचलून खिडकीच्या उजेडात धरली. निळी. सासऱ्यांनी बाटलीत दिलेल्या लघवीचे आठ थेंब साखर तपासायच्या निळ्या औषधात विरले होते, रंग जराही ढळला नव्हता. साखर असती तर हिरवा झाला असता. फार असती तर विटेसारखा लाल.

“निळंच ना गं?” सोप्यातून सासऱ्यांनी विचारलं.

“निळंच, अप्पा.”

“मग! गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलतो, सगळी साखर दुकानातच संपते. सत्तावीस दिवस झाले. आणखी तीन, की तू धारवाडला.”

लग्न ठरलं तेव्हा धारवाडच्या विद्यापीठात तिचं रसायनशास्त्राचं एम.एस्सी. अर्ध्यावर होतं. त्याला सहा वर्षं झाली. ते पुरं करायला आता कुठं नवरा, दत्तात्रेय, राजी झाला होता, तेही अटीवर: अप्पांची साखर महिनाभर ताब्यात राहिली तर जा. मागच्या वर्षी त्यांच्या अंगठ्याची जखम चार महिने भरली नव्हती. घाबरला होता तो.

या सहा वर्षांत ही एक काचनळी हीच तिची प्रयोगशाळा. भाकरी थापण्याआधी ती परातीतल्या पिठात बोटानं षट्कोन काढी. पाच कोपऱ्यांवर कार्बन, सहाव्यावर ऑक्सिजन. रक्तातल्या साखरेचा एक रेणू. मग तळव्यानं पुसून टाकी. गेल्या आठवड्यात मात्र पुसायला हात धजला नव्हता. कडेकडेनंच पीठ घेतलं होतं.

नळी विसळायला ती मोरीत गेली आणि थबकली. अप्पा रात्री उठून जिथं लघवीला बसतात, त्या दगडाला मुंग्यांची काळी रांग लागली होती.

ती परत आली. साखर नसेल तर मुंग्या कशा? औषध बिघडलं असेल. साखरेचा डबा उचलला, तसाच ठेवला. डब्यातल्या साखरेला हे औषध ओळखही देत नाही. मध हवा. फडताळातून बाटली काढून तिनं एक थेंब नव्या औषधात सोडला, नळी उकळत्या पाण्यात ठेवली आणि ओठ आवळून उभी राहिली.

नळीतलं निळं हिरवं झालं, पिवळं झालं, लाल झालं.

औषध चांगलं होतं.

“हे लाल कुणाचं?” दारात पाच वर्षांची विमल डोळे चोळत उभी होती.

“कुणाचं नाही. मधाचं.”

“माझं बरं, निळं येतंय.”

“तुझं?”

विमलनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. बोटांच्या फटीतून म्हणाली, “अज्जांनी सांगू नको म्हटलंय.”

“मला सांग. मी रागवणार नाही.”

“रोज मी करायचं बाटलीत. माझं निळं आलं की आई मोठ्या शाळेला जाणार, म्हणाले. अज्जांचं सगळं मोरीत.”

हेमावतीनं चूल सारखी केली. ती सारखीच होती. गेल्याच आठवड्यात देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी निळ्यावर विसंबून अप्पांची साखरेवरची गोळी अर्धी केली होती. आणि काल तिनं ट्रंकेतनं जुन्या वह्या काढून उन्हात टाकल्या होत्या.

सोप्यात पाण्याचा तांब्या जमिनीवर टेकला. उठल्यापासूनचा तिसरा.

“हेमा,” अप्पा आतल्या बाजूला बघत म्हणाले, “धारवाडची सकाळची गाडी किती वाजताची, विचारून ठेवू? तुझी घाई व्हायला नको.”

तिनं विमलला जवळ ओढलं, झग्याची बटणं लावू लागली. एक चुकीच्या काजात गेलं. ते काढलं, पुन्हा तिथंच घातलं.

“आई,” विमल तिच्या कानाशी लागली, “उद्या बाटलीत कुणी करायचं? मी का अज्जांनी?”