म्होरकी

मेंढरं काही केल्या ट्रकात चढेनात. व्यापाऱ्यानं फळी लावली, शेपट्या पिरगाळल्या, शिव्यांची लाखोली वाहिली. पण कळप आपला वाडग्याच्या कोपऱ्यात, कुंपणात तोंडं खुपसून उभा. पुढं चालणारी म्होरकीच हलत नव्हती, मग बाकीच्या कशाला हलतात?

"ही ऐकते तरी कुणाचं?" व्यापारी घाम पुसत म्हणाला.

म्हाताऱ्या मेंढपाळानं नदीच्या वाटेकडं बघितलं. ती ऐकायची त्याच्या लेकीचं. आईवेगळं कोकरू, लेकीनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. लेकीमागं म्होरकी आणि म्होरकीमागं सगळा कळप, अशी ती रीत. म्हणून तर त्यानं लेकीला धुणं घेऊन मुद्दाम नदीवर पिटाळलं होतं. आपल्यापायी काय विकलं जातंय ते पोरीनं बघू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

निम्मा कळप तिच्या लग्नातच गेला होता. गाव बोटं चाटत घरी गेलं आणि जावई निघाला हात उचलणारा. पोर अंगावरच्या कपड्यानिशी माहेरी आली. आता काडीमोड द्यायला तो म्हणे, लग्नात आमचा झालेला खर्च भरा, मग सही करतो. नाहीतर बायको नांदायला पाठवा. वकील म्हणाला, भांडलात तर जिंकाल, पण वर्षं जातील. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी बापलेकीची गत झाली होती. सही उद्यावर आलेली.

"मी चाललो बाबा," व्यापारी फळी काढायला वाकला. "दुसरं गिऱ्हाईक बघा."

"थांबा जरा."

लेक ओलं धुणं खांद्यावर घेऊन मागं उभी होती. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू घरात जा."

"मी घरात गेल्यावर चढतील होय?" तिनं धुणं कुंपणावर टाकलं. "मीच परत जाते बाबा सासरी. मेंढरं राहू देत."

"गळा दाबला होता त्यानं तुझा. मेंढरं काय, पुन्हा होतील."

कशी होतील, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

लेकीनं जिभेनं चुचकारलं आणि ती फळी चढली. म्होरकी मुकाट मागं गेली. तिच्यामागं एकेक करत सगळी. मग लेक गर्दीतून वाट काढत एकटीच उतरली आणि व्यापाऱ्यानं फळकुट लावून घेतलं. ट्रक वळला तरी म्होरकी फटीतून तोंड काढून तिच्याकडं बघत होती.

"दुसरं लग्न ठरलं की सांगा, येतो," व्यापाऱ्यानं जाता जाता थट्टा केली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

सकाळी दोघं कोर्टाच्या वाटेला लागली. लेक पुढं, म्हातारा मागं. वळणावर थांबून त्यानं सवयीनं मागं बघितलं. रस्ता मोकळा होता. त्याला रडू आवरेना.

"बाबा, काठी कशाला घेतली?" लेकीनं विचारलं.

त्यानं हाताकडं बघितलं. काठी कधी उचलली ते त्याला कळलंच नव्हतं. तो ती बांधावर टाकायला निघाला, तशी लेकीनं काढून घेतली.

"टाकू नका. उद्यापासून दुसऱ्याची राखायचीत."