खाऱ्या पाण्यातले मणी

माफीनाम्यावर सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस, असं कर्णिकसाहेबांनी मला सरळ सांगितलं. शहाण्णव साल होतं. रोह्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते, रोज पेणहून एसटीने यायची. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे मणी मी बनवले होते, पोटात चमकणारा रंग भरलेले. मुंबईच्या एका संस्थेला ते जिवंत पेशींत सोडून पेशी आतून बघायच्या होत्या. त्यांनी पत्र लिहून बाटली परत पाठवली. मण्यांच्या गुठळ्या होतात, पेशी ते गिळत नाहीत. साहेबांनी लगेच निकाल दिला, नम्रताने बाटली धुतली नसणार, मिठागरातल्या पोरीला स्वच्छता काय कळणार. माझं डोकंच फिरलं.

पत्र मी स्वतः वाचलं. साध्या पाण्यात पेशी फुटतात म्हणून त्यांनी मणी मिठाच्या पाण्यात घातले होते. घरी आईला सांगितलं. आईचा, म्हणजे काशीबाईचा, सगळा जन्म मिठागरात गेलेला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नदीचं गढूळ पाणी खाडीत आलं का गाळ एकमेकाला धरतो नि तळाला बसतो. खाऱ्याचा गुणच हाय तो गो. त्यात तुझी काय चूक?"

म्हणजे मण्यांनी एकमेकांना धरू नये म्हणून त्यांना मिठाआधी अंगरखा हवा. सकाळी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या दुकानातून अंडं घेतलं, त्यातला पांढरा भाग पाण्यात फेटून गाळला आणि मणी तासभर त्यात ठेवले. मग मिठाच्या पाण्याचे दोन पेले मांडले, एकात उघडे मणी आणि दुसऱ्यात अंगरख्याचे मणी सोडले, सगळ्यांना बोलावलं आणि रंग चमकवणारा जांभळा दिवा लावला. उघडे मणी तळाला बसले होते. दुसरा पेला वरपासून खालपर्यंत नारिंगी चमकत होता.

साहेबांनी दोन्ही पेले उचलून पाहिले. मग म्हणाले, ठीक आहे, पण फाइल बंद करायला सही लागेलच.

मी माफीनामा उलटा केला, मागे सगळी कृती लिहिली आणि तिच्याखाली सही ठोकली. "पुढच्या बाजूला सही नाय मिळणार," म्हटलं. कागद अंगरख्याच्या मण्यांच्या नव्या बाटलीसोबत खोक्यात घातला आणि पोस्टात स्वतः रजिस्टर केला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीने कामावर गेले. कोणी अडवलं नाही.

महिन्याने मुंबईहून फोटो आला. जिवंत पेशी, पोटात नारिंगी ठिपके. पाकीट माझ्या नावाचं होतं, पण साहेबांनी ते आधीच फोडलं होतं. हसत हसत माझ्यापुढे ठेवून म्हणाले, आपलं काम झालं.

"काम झालं साहेब," मी म्हटलं. "पण यापुढे माझ्या नावाचं पत्र मीच उघडणार."