टेबलाची पलीकडची बाजू

"काका, पलीकडची बाजू लहान काढायची," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"लहान कशी काढू? दोन्ही बाजू सारख्याच आहेत. मापून दाखवतो."

आणि खरोखरच खिशातून टेप काढून मिस्त्री वर्गातल्या टेबलाकडे निघाले. टेबल दोन्हीकडून सारखंच भरलं. बाकीचे विद्यार्थी गालातल्या गालात हसले. चित्रकलेच्या बाई मिस्त्रींच्या मुलीपेक्षाही लहान, पण धीराच्या. त्यांनी समजावलं, की लांबचं डोळ्याला लहान दिसतं. माहीत असतं ते नाही, दिसतं ते काढायचं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि पलीकडची बाजू पुन्हा तेवढीच काढली. चाळीस वर्षांच्या सुतारकामात त्यांनी कोणाला सूतभर वाकडं टेबल दिलं नव्हतं. आता कागदावर द्यायला हात धजेना.

चित्रकलेचं हे खूळ त्यांच्या डोक्यात उगीच शिरलं नव्हतं. बायको गेल्यावर मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. सगळं सामान जाणार होतं, स्वयंपाकघरातलं टेबल सोडून. लग्न झाल्यावर ते त्यांनी त्याच खोलीत बसून केलं होतं, एकही खिळा न मारता, सांध्यात सांधा बसवून. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं, की ते दारातून बाहेर निघत नाही. बायको तेव्हा पोट धरून हसली होती. पुढे आल्यागेल्याला सांगायची, "यांनी सगळं मापलं, दार तेवढं विसरले."

पाय कापून नेऊ आणि तिकडे जोडू, असं मुलगी म्हणाली, तर मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्गाची पाटी बघून आत शिरले आणि बाईंना विचारलं, एक टेबल काढायला किती दिवसांत शिकवाल.

रेघा त्यांना आधीपासूनच येत होत्या. पेन्सिल आडवी धरून सावली भरायलाही ते लवकर शिकले; लाकडाच्या रेषा तर अशा उतरायच्या, की बाई सगळ्यांना बोलावून दाखवायच्या. पण टेबल काही केल्या जमिनीवर बसेना. त्यावर काढलेला पेला आता घसरून पडेल असं वाटायचं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. मिस्त्री फळीला लावलेला कागद घेऊन रिकाम्या स्वयंपाकघरात गेले. त्यांची खुर्ची आदल्या दिवशीच टेम्पोतून गेली होती. उरली होती ती बायकोची, शेगडीजवळची. तिला सारखं उठावं लागायचं म्हणून ती जागा तिची. इतक्या वर्षांत मिस्त्री त्या खुर्चीवर एकदाही बसले नव्हते.

ते बसले. पुढ्यातल्या कडेचं पॉलिश तिच्या कोपरांनी पार उडालं होतं. त्यांनी पलीकडे पाहिलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे एक डोळा मिटला, हात लांब करून पेन्सिलीवर माप घेतलं. पलीकडची बाजू, त्यांची स्वतःची, अलीकडच्या निम्मीच भरली.

एवढं लांब बसत होतो होय मी, त्यांच्या मनात आलं. कामं अंगावर घ्यायची सवय, जेवायला रोजचा उशीर, आणि ती इथे बसून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायची. तिने कधी तक्रार केली नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

मुलगी आली तेव्हा चित्र झालं होतं. तिने पलीकडच्या कडेवर बोट ठेवलं.

"बाबा, ही बाजू लहान काढलीत? तुम्ही तर ऐकत नव्हता."

"तुझ्या आईला तशीच दिसत असणार," मिस्त्री म्हणाले.

कागद गुंडाळायला तिने रबरबँड पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. चित्र फळीला लावलेलंच दोन्ही हातांत धरलं. दारातून ते सहज गेलं असतं. तरीही उंबऱ्याशी मिस्त्री थांबले, फळी थोडी तिरकी केली आणि कुठे घासू न देता जपून बाहेर काढली.