तीन दुकानांत मांडलेला खेळ

मित्रांनो, माझे वय फक्त सहा वर्षे आहे. पण आमच्या जमातीत सहा वर्षे म्हणजे म्हातारपणच. मी संगणकावरचा एक खेळ आहे आणि आता जुना झालो आहे. इंटरनेटवरच्या दुकानात शोधलेत तर बाराव्या-पंधराव्या पानावर सापडेन, तेही नाव बरोबर लिहिलेत तर. तिथवर खाली कुणी फिरकत नाही, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. म्हणून म्हटले, आज आपली कथा सांगून टाकावी.

मला कुठल्या बड्या कंपनीने घडवले नाही. एका घड्याळजीच्या दोन मुलांनी, नोकऱ्या सोडून, तीन वर्षे खपून घडवले. थोरली ताई चित्रे आणि आवाज बघायची. धाकटा सगळी यंत्रणा लिहायचा. तिशी उलटली तरी घरात त्याला बाळ्याच म्हणत. माझ्यात एक घड्याळाचे दुकान आहे. खेळणाऱ्याने बंद पडलेले घड्याळ उघडायचे, चाके पुसायची, काटे बसवायचे आणि शेवटी कान देऊन ऐकायचे. टिकटिक सरळ चालली तर काम फत्ते, लंगडली तर पुन्हा उघडायचे. आणि ती टिकटिक नकली नाही बरे का! ताई सलग आठ रविवार बाबांच्या दुकानात माइक घेऊन बसली होती. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळापासून बायकांच्या इवल्याशा मनगटी घड्याळापर्यंत तेवीस आवाज तिने गोळा केले. बाबा शटर अर्धे ओढून घेत आणि बाहेर हॉर्न वाजला की माइकचे भान विसरून मोठ्याने करवादत. मग ताई कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

मी तयार झालो तेव्हा मला तीन दुकानांत मांडले. मोठ्या दुकानात सारे जग येते, पण रोज पन्नास नवे खेळ तिथे येऊन पडतात आणि दुकानदार आपला वाटा सढळ हाताने कापून घेतो. छोटे दुकान माझ्यासारख्या घरगुती खेळांचे. तिथे बनवणाऱ्याच्या पदरात जास्त पडते, फक्त गिऱ्हाईक औषधालाही सापडत नाही. तिसरे दुकान दर आठवड्याला एक खेळ फुकट वाटून गर्दी जमवते. तिथे मी सुरुवातीला इतरांसारखा किंमत लावूनच उभा होतो.

आता यातली गोम ऐका. मोठ्या दुकानात लोक खेळ लगेच घेत नाहीत. आवडीच्या यादीत टाकतात आणि भाव उतरायची वाट बघतात. भाव चांगला उतरला की दुकान त्या सगळ्यांना आपण होऊन पत्र धाडते. मला अकरा हजार लोकांनी यादीत टाकले होते. पण बाबांच्या दुकानात चाळीस वर्षे एक पाटी होती, 'एकच भाव', आणि ताई त्या पाटीखाली अभ्यास करून मोठी झाली होती.

"अगं, दोन आठवडे सूट दे. पत्रं जातील, लोक घेतील. सगळे असंच विकतात," बाळ्या म्हणायचा.

"म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वासाने घेतला ते येडे? बाबांनी असं केलं असतं का?"

झाले. बाबांचे नाव निघाले की बाळ्याचे तोंड बंद. भाव उतरला नाही, पत्र गेले नाही, आणि ते अकरा हजार लोक अजूनही त्या यादीत वाट बघत बसले आहेत. एका समीक्षकाने लिहिले की इतका जिवंत आवाज त्याने कुठल्याच खेळात ऐकला नव्हता. ताईने ते कापून भिंतीवर चिकटवले. घरमालकाने भाडे मागताना ते वाचले की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षी बाळ्याने हात टेकले. ताईला न विचारता त्याने तिसऱ्या दुकानाशी करार केला: एक ठरावीक रक्कम, आणि आठवडाभर मी फुकट. मित्रांनो, त्या सात दिवसांत चार लाख लोकांनी मला घेतले! मीही हुरळलो. पण मला उघडले किती जणांनी? सहा हजारांनी. बाकीच्यांनी फुकटची पिशवी घरात आणून कोपऱ्यात टाकावी तसे मला टाकले. मोठ्या दुकानात ज्यांनी पैसे मोजले होते ते मात्र माझ्या नावाखाली शिव्या लिहून गेले.

"एवढे दिवस भाव पाडला नाही आणि तू फुकट वाटून आलास?" ताई कडाडली.

"मग भाडं कुणी भरलं असतं? बाबांच्या पाटीने?"

त्यानंतर दोघे कामापुरते बोलू लागले, मग तेही बंद झाले. माझ्यानंतरच्या खेळाची चित्रे ताईने कपाटात ठेवली. दोघांनी वेगवेगळ्या शहरांत नोकऱ्या धरल्या. मी नावापुरता बाळ्याकडे राहिलो.

पण मी तुम्हाला सांगणार आहे ते बाबांचे. माझ्या हजारो प्रतींमध्ये मला सर्वांत जवळची होती ती त्यांच्या दुकानातल्या संगणकावरची. बाळ्या त्यांना मला फुकट देत होता. "घरचा झाला म्हणून काय झालं, मी विकत घेईन," असे म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मदतीने त्यांनी मला छोट्या दुकानातून पूर्ण किमतीला घेतले. तिथे मुलांच्या हाती चार पैसे जास्त पडतात, हे त्यांनी चौकशी करून ठेवले होते. कुठून घेतला ते त्यांनी सांगितले नाही आणि मुलांनी विचारले नाही.

मला घेण्यामागे त्यांचे आणखी एक कारण होते. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की वयाने आधी बारीक आवाज जातील, जाड राहतील. बारीक टिकटिक ऐकू न येणाऱ्याने घड्याळ दुरुस्त करून देणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे, असे बाबांचे मत. म्हणून रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी ते हेडफोन घालून मला उघडत आणि तेवीसच्या तेवीस आवाज ऐकत. शेवटचे ते बायकांचे घड्याळ ऐकू आले की म्हणत, "आहे अजून." मग भिंग डोळ्याला लावून कामाला बसत. त्या दोन शब्दांवर दुकान चालले होते. मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

मागच्या हिवाळ्यात संगणकांची नवी प्रणाली आली. झेरॉक्सवाल्याने ती बाबांच्या संगणकावरही मोठ्या आपुलकीने टाकून दिली. तिचे आणि माझे जमले नाही. माझे जाड आवाज राहिले, बारीक सगळे गेले.

मोठ्या दुकानात तीन दिवसांत तक्रारींचा पाऊस पडला. तिसऱ्या दुकानातले फुकटेसुद्धा ओरडले. बाळ्याने ऑफिसातून येऊन, डोळे चोळत, चूक शोधली आणि नीट केलेली प्रत त्या दोन्ही दुकानांत चढवली. प्रत्येक दुकानात ती निराळी चढवावी लागते, मित्रांनो. छोट्या दुकानातून कुणी ओरडले नव्हते. तिथले काम त्याने उद्यावर टाकले आणि तो उद्या उजाडलाच नाही.

बाबांनी त्या सकाळी हेडफोन घातले. लंबकाचे टोले आले. पुढे काहीच नाही. त्यांनी हेडफोन पुसले, पुन्हा घातले. मी आतून नुसता तडफडत होतो, पण मला तोंड कुठे आहे? मग त्यांनी खरे मनगटी घड्याळ कानाला लावले. किती तरी वेळ ते तसेच बसून राहिले.

"ऐकू आल्यासारखं वाटतंय," ते आईला म्हणाले, "पण चाळीस वर्षांची सवय आहे. आठवणीतलंच वाजत असेल. पोरीने नोंदवलेला आवाज खोटं कशाला बोलेल?"

पंधरा दिवस त्यांनी रोज मला उघडले. मग हत्यारे पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला देऊन टाकली, पाटी काढली आणि गाळा मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला दिला. मुलांना फोनवर एवढेच सांगितले, की आता वय झाले.

संगणक घरी आला, तसा मीही. चार महिन्यांनी ताई सुट्टीला आली. सहज मला उघडले आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाबा, बारीक आवाज कधीपासून येत नाहीत?"

"मला विचारतेस? माझे कान गेले ना, थंडीपासूनच."

ताईने मी कुठल्या दुकानातून आलो ते तपासले. तिने बाळ्याला फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"छोट्या दुकानात नवी प्रत टाकलीच नाहीस?"

"तिथे एकोणीस जणांनी घेतलाय, ताई. कुणी तक्रारही केली नाही."

"त्या एकोणिसांत बाबा होते रे."

मग बाळ्याने काम केले. दहा मिनिटे लागली, मित्रांनो. फक्त दहा मिनिटे.

ताईने बाबांच्या कानांवर हेडफोन ठेवले. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर मोजू लागले. एकवीस. बावीस. मग ते बायकांचे घड्याळ वाजले. "आहे अजून," ते सवयीने म्हणाले, आणि त्यांचा हात भिंग घ्यायला शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

त्यांनी कुणाला बोल लावला नाही. हेडफोन काढले, वायरची नीट गुंडाळी केली आणि मला बंद केले. त्यानंतर मला त्यांनी उघडलेले नाही.

माझी कथा इथे संपते. मित्रांनो, तुम्ही मला फुकट घेतले असेल तर एकदा तरी उघडून बघा. आणि पैसे मोजून घेतले असेल, आणि माझ्यात काही बिघडले, तर भिडेखातर गप्प बसू नका. खुशाल ओरडा, भांडा, माझ्या नावाने चार ओळी खरडा. जिथून आरडाओरडा होतो तिथलेच काम आधी होते, हे मी तीन दुकानांत बघितले आहे. बाबा गप्प बसले. त्यांना वाटले, चूक आपल्यातच असणार.